तिसरा अंक राहिलाय

नोकरीतले किस्से नोकरीत साठत नाहीत, नोकरी करून उरलेल्या वेळात साठतात, असं माझं मत आहे. जयपूरला खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळपर्यंत टेबलावर धुळीचा थर येतोच, तसंच हे. ऑफिस सुटल्यावर गुमान घरी जाऊन पाठ टेकायची सोडून आपण आणखी काहीतरी करायला जातो. धड ते होत नाही, धड झोप होत नाही, आणि हातात उरतात ते किस्से. आमचे तर सगळे एकाच नाटकाचे आहेत.

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, तेव्हाच्या या गोष्टी. मी एका विमा कंपनीच्या जयपूर ऑफिसात क्लेम्सला होते. नवरा बँकेत. ऑफिसात मराठी माणसं चारच. मी, कॉम्प्युटर बघणारा साताऱ्याचा टेंबे, कॅशमधला गद्रे आणि प्रशासन अधिकारी निमकरकाका. गद्रे जन्मापासून आदर्श नगरचा, त्यामुळे त्याचं मराठी दर वाक्याला 'मतलब' म्हणत थांबायचं आणि मग पुढे सरकायचं.

निमकरकाकांनी नोकरीला लागल्या लागल्या एक तीन अंकी नाटक लिहिलं होतं. भोपाळला पहिला अंक बसला आणि बदली आली. रायपूरला दुसरा अंक बसत आला आणि बदली आली. लखनौला तर माणसं जमली त्याच आठवड्यात ऑर्डर हातात. नाटकाचं नाव काकांनी दर गावात बदललं, पण नशीब काही बदललं नाही.

"वैशाली, माझ्या नाटकाचा तिसरा अंक अजून मीसुद्धा ऐकलेला नाही," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यात त्यांनी स्वतःसाठी एक छोटं काम लिहिलं होतं, शेजारच्या म्हाताऱ्याचं. हा म्हातारा येतो तिसऱ्या अंकात. म्हणजे गेली तीस-पस्तीस वर्षं हा माणूस स्वतःच्या नाटकात एंट्री घ्यायची वाट बघत विंगेत उभा होता. हे ऐकल्यावर मला नाही म्हणवेना, आणि तिथेच माझी संध्याकाळची झोप गेली.

पाडव्यानंतरच्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नाटक करायचं ठरलं. बदल्यांची यादी एप्रिलच्या अखेरीस लागते, त्याआधी उरकायचं. मध्ये मार्च होता, आणि विमा कंपनीतला मार्च ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

* * *

पहिलं वाचन तिलक नगरला काकांच्या घरी झालं. काकांनी गंभीरपणे सांगितलं, "नाटक तीन अंकी आहे."

गद्रे म्हणाला, "काका, मतलब... इतकी मेहनत, आणि तीनच अंक? आमच्या शाळेत निबंधालाच दहा असायचे."

टेंबेने काकांना सांगितलं की हिंदी शाळेत मार्कांना अंक म्हणतात. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मग तीन पुष्कळ झाले. मला आजवर दोनच्या वर मिळालेले नाहीत."

* * *

गद्रेला काम होतं कडक काकाचं. पुतण्या, म्हणजे टेंबे, नोकरी सोडायची म्हणतो, आणि काका त्याच्यावर खवळतो. वाक्य होतं, "याची तुला शिक्षा मिळेल, जन्मभर पुरेल अशी शिक्षा!"

गद्रे हे वाक्य इतक्या प्रेमाने म्हणायचा की विचारू नका. टेंबेच्या पाठीवरून हात फिरवायचा. निमकरकाका आठवडाभर त्याला सांगत होते, अरे आवाज चढव, डोळे काढ. हा आपला हसून पाठ थोपटतोय.

शेवटी काका वैतागून म्हणाले, "गद्रे, एवढी माया कशाला?"

"मतलब, काका पुतण्याला शिकवणार आहे ना," गद्रे म्हणाला. "पूर्ण शिक्षा देणार. हायर एज्युकेशन."

मराठीतल्या शिक्षेचा अर्थ सांगितल्यावर त्याचा चेहराच पडला. पण दुसऱ्या दिवसापासून तो असा खवळायला लागला की टेंबे दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा.

* * *

पाठांतराला वेळ म्हणजे पोळ्या लाटताना. जवाहर नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी संवादांची पानं टाइल्सवर चिकटवली होती. दुसऱ्या अंकात माझं मोठं वाक्य होतं. एकदा नवरा मागे टेबलाशी पेपर वाचत बसला होता आणि मी तव्यासमोर उभी राहून जीव ओतून म्हटलं, "पुरे झालं! या घरात मी आता एक क्षण थांबणार नाही. मी चालले."

तो पेपरातून मान न काढता म्हणाला, "जाताना दूधवाल्या भैयाला सांग, उद्यापासून अर्धा लिटर कमी."

मला हसू आलं आणि रडूही आलं. दिवसभर क्लेमच्या फायली, मग घर, त्यात हे. आणि आपण गेलो तर फरक अर्ध्या लिटरचा. त्या दिवशी मी खरंच ठरवलं होतं की काकांना फोन करून सांगायचं, मला जमणार नाही. फोन लावला तर काकांनीच सुरुवात केली. "तुलाच लावणार होतो. तिसऱ्या अंकातलं तुझं एक वाक्य वाढवलंय." मी म्हटलं, चांगलं केलंत.

* * *

दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी चक्कर येऊन पडते आणि दोघं पुरुष माझ्या उशाशी भांडतात, असा प्रसंग होता. मार्च लागला होता. त्या दिवशी मी काकांच्या सतरंजीवर चक्कर येऊन पडले ती खरीच झोपले.

जाग आली तेव्हा खोलीतला पंखा मंद केलेला, अंगावर काकूंची शाल, आणि टेंबे अन् गद्रे माझ्या डोक्याशी बसून कडाडून भांडत होते, पण कुजबुजत. तालीम बंद पडायला नको आणि माझी झोपही मोडायला नको, म्हणून काकांनीच तसं बसवलं होतं. मी उठून बसले तशी दोघांनी सख्ख्या वहिनीची करावी तशी माझी चौकशी केली.

"आज बेशुद्धीचं काम फार मन लावून केलंस," काका म्हणाले. "प्रयोगातही असंच कर, फक्त घोरू नकोस."

* * *

त्यातच हेड ऑफिसला आमची काळजी वाटली आणि त्यांनी एका हॉटेलात मोटिव्हेशनचं वर्कशॉप ठेवलं. तेही रविवारी, म्हणजे आमच्या एकमेव पूर्ण तालमीच्या दिवशी. दिल्लीहून सुटाबुटातला ट्रेनर आला होता. त्याने सगळ्यांना विचारायला सुरुवात केली, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?

काका म्हणाले, "ऑफिस जहाँ भेजेगा."

हॉल हसला. ट्रेनर हसला नाही. त्याने विचारलं, "सर, लाइफ में कोई गोल तो होगा?"

"जी. एंट्री."

"डेटा एंट्री?"

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढच्या माणसाला माइक दिला. चहाच्या वेळी मात्र तोच शोधत आला. काकांनी त्याला एंट्रीचं सगळं सांगितलं. तो बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिला आणि मग म्हणाला की तो तबला शिकायचा, गुरुजी चांगलं वाजतंय म्हणायचे, पण या नोकरीत सारखी टूर, कधी सुटला कळलंच नाही. "आप छोड़िएगा मत," एवढं बोलून तो पुढचं सेशन घ्यायला गेला. त्या सेशनमध्ये त्याचा आवाज जरा उतरलेला होता. दिवसभरात मला काही मोटिव्हेशन मिळालं असेल तर ते त्या चहात.

* * *

मार्चच्या मध्याला फर्मान निघालं की क्लोजिंग होईपर्यंत नऊच्या आत कुणी उठायचं नाही. म्हणजे तालीम बंद. आमचे मॅनेजर शेखावतसाहेब शिस्तीचे. त्यांच्याकडे सुट्टी मागायला लोक शक्यतो आजारी पडूनच जायचे. काका मला सोबत घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"साहब, हम लोगों को छह बजे जाने दीजिए. हमारी तालीम चल रही है."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तालीम? इस उम्र में?"

"बरसों से अधूरी है, साहब. हर शहर में शुरू करता हूँ, तबादला हो जाता है."

साहेब माझ्याकडे वळले. "आप भी?" मी हो म्हटलं. "घर-गृहस्थी सँभालकर?" मी पुन्हा हो म्हटलं. एवढं मला घरातसुद्धा कुणी विचारलं नव्हतं.

"पाडवे के बाद प्रयोग है," काका म्हणाले.

"अच्छा, प्रैक्टिकल भी है." साहेबांनी मान हलवली. "जाइए. सुबह एक घंटा जल्दी आ जाइए, बस."

आम्ही बाहेर येऊन टेंबे-गद्रेला सांगितलं, साहेब कलेचे केवढे भोक्ते निघाले बघा. गद्रेने सगळं संभाषण दोनदा वदवून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, मतलब... हिंदीत तालीम म्हणजे शिक्षण. साहेबांना वाटलं तुम्ही परीक्षा देताय."

टेंबे म्हणाला, आत जाऊन खरं सांगून टाकू. काकांनी केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारलं तर सांगू. शिकतोच आहोत ना आपण."

साहेबांनी विचारलं नाही. उलट सकाळी लिफ्टपाशी भेटले की म्हणायचे, "निमकरजी, मन लगाकर."

* * *

आणि मग यादी आलीच, त्या वर्षी लवकर, मार्च संपायच्या आतच. निमकर, गुवाहाटी. क्लोजिंग झाल्याबरोबर रुजू व्हायचं. म्हणजे प्रयोगाच्या आधी. रिटायरमेंट जवळ आलेली, त्यामुळे गुवाहाटीनंतर पुन्हा कुठे नवी माणसं जमवणं शक्य नव्हतं.

काका आपल्या टेबलाचे खण रिकामे करायला लागले. मी म्हटलं, साहेबांना भेटू या. ते म्हणाले, "चौथ्यांदा कुणाला काय सांगायचं?" मी त्यांना जवळजवळ ओढतच केबिनमध्ये नेलं.

शेखावतसाहेबांनी बसायला सांगितलं. काका उभेच राहिले. एरवी ऑफिसपुरती हिंदी फडाफडा बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना शब्द सापडेनात.

"साहब, कुछ नहीं... बस एक अंक रह गया. दो हो गए थे. एक अंक के लिए सब रह गया."

साहेब एकदम उभे राहिले. "एक अंक से?"

"जी."

साहेब खिडकीशी गेले. बाहेर बघतच बोलायला लागले. "मैं भी एक अंक से रहा था, निमकरजी. अफसरी का इम्तिहान. दिन में नौकरी, सुबह-शाम पढ़ाई. एक अंक. फिर ब्याह हो गया, बच्चे हो गए. दुबारा बैठा ही नहीं."

मला खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं, काकांनीही उघडलं होतं, पण साहेबांनी तोवर फोन उचलून हेड ऑफिस लावलं होतं. आयुष्यात कुणासाठी रदबदली न केलेला हा माणूस फोनवर जवळजवळ विनवत होता, "सर, मेरा आदमी एक अंक से अटका है. पंद्रह दिन दे दीजिए. काम मैं देख लूँगा."

पंधरा दिवस मिळाले. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "वैशाली, यांना आता सांगायला हवं."

"कसं सांगणार?"

"पहिल्या रांगेत बसवून," काका म्हणाले, आणि परत आत जाऊन त्यांनी साहेबांना, कसलं ते न सांगता, रविवारचं आमंत्रण दिलं.

* * *

साहेब आले. कोट घालून, पहिल्या रांगेत, मांडीवर मिठाईचा दोरीने बांधलेला डबा. मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पहिला अंक झाला. दुसरा झाला, मी न घोरता बेशुद्ध पडले, गद्रेने जन्मभर पुरेल अशी शिक्षा सुनावली आणि टाळी घेतली. मध्यंतरात साहेब जागचे हलले नाहीत.

तिसऱ्या अंकात दारावर थाप पडली. मी दार उघडलं. बाहेर काका उभे होते, खांद्यावर काकूंची तीच शाल. वाक्य होतं, "दार वाजवावं की नको, बराच वेळ विचार करत होतो." काका उंबरठ्यावर उभे राहिले आणि बोलेचनात. विंगेतून टेंबेने वाक्य पुरवलं, मी हळूच पुरवलं. काका नुसते स्टेजकडे बघत होते, दिव्यांकडे, खुर्चीकडे, माझ्याकडे. मग आत आले आणि म्हणाले. हॉलमध्ये कुणाला वाटलं नाही की वाक्य विसरलं होतं.

पडदा पडल्यावर मंडळी आत घुसली. त्या गर्दीतून वाट काढत शेखावतसाहेब आले, डबा तसाच हातात. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग गालांवरून ओघळला होता. साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग मागच्या सेटकडे.

"तो, निमकरजी? मिल गया एक अंक?"

"मिल गया, साहब."

साहेब डब्याची दोरी सोडायला लागले.