कडुलिंबाखालचा पत्ता

चैत्रात कडुलिंब मोहरला की त्याचा मंद गंध चुलीवरच्या आंबिलीच्या वाफेत मिसळे, आणि पांढरकवड्याच्या रस्त्यालगतच्या त्या जुन्या कापसाच्या गोदामात सकाळ उतरे. सारे त्याला 'विसावा' म्हणत. ज्यांना घर नाही अशी माणसे तेथे दिवसभरासाठी येत. विहिरीवर स्नान करीत, धुतलेला सदरा वाळेपर्यंत उघड्या अंगाने उन्हात थट्टामस्करी करीत बसत, चूल सांभाळणारी काशीबाई वाढील ती आंबील पीत आणि दिवेलागणीला पांगत. त्याच झाडाखाली माझी अर्जनविसाची पेटी असे. पाचवीनंतर शाळा सुटली असली, तरी माझ्या भाषेला तहसील कचेरीत मान होता, हे मी विनयपूर्वक नमूद करतो.

लाखा राठोड नित्य येणाऱ्यांपैकी. बालपणी वडिलांच्या बैलतांड्यामागे मुलूख हिंडलेला, आता साठीकडे झुकलेला, एकटा. जंगलखात्याच्या लाकूड आगारावर राखणदार हवा होता आणि नोकरीबरोबर झोपडी मिळणार होती. अशी संधी लाखाला पुन्हा मिळणे दुर्घट. मी अंतःकरण ओतून अर्ज लिहिला. 'राहणार' या शब्दापुढे क्षणभर थबकलो, मग 'आकाशछत्राखाली, यथासंचार' असे लिहून स्वतःवरच प्रसन्न झालो.

चार दिवसांनी अर्ज परतला. नेमक्या त्या ओळीवर तांबडी रेघ होती.

"वकीलसाहेब," काशीबाई पळी हालवीत मला म्हणाली; थट्टेने ती मला हेच म्हणे, "एवढं मोठं लिवलं, पन मानसाले बोलावनं धाडाचं कुठं, थे काहून नाही लिवलं?"

सारे हसले. लाखा सर्वांहून मोठ्याने हसला. पेल्यातली आंबील मात्र त्याने तशीच खाली ठेवली. माझ्या हातचा आजवर एकही अर्ज परतला नव्हता. मी नवा कागद घेतला आणि, जे प्रथमच विचारायला हवे होते, ते विचारले : तुम्ही राहता कुठे?

"सकाळी अठीच, बाबू. दुपारी बी अठीच. अन् रातचं काय? राती त मानूस झोपते, राह्यते कुठं?"

मी लिहिले : राहणार विसावा, कडुलिंबाखाली, पांढरकवडा.

पंधरवड्याने पोस्टमन थेट झाडाखाली आला. "लाखा राठोड कोन व्हय?" लाखा ढिम्म हलेना.

"अवो लाखाभाऊ, तुमालेच बोलावून राह्यला तो!" काशीबाई ओरडली. तेव्हा तो उठला, विहिरीवर गेला, हातपाय धुतले, आणि मगच ते पाकीट त्याने दोन्ही हातांत घेतले. नोकरी मिळाली होती. त्या दिवशी आंबिलीत गूळ पडला.

आता लाखा झोपडीत असतो. बाजाराच्या दिवशी येतो, पत्ता मात्र बदलू देत नाही. इतरांनीही तोच पत्ता घेतला आहे. माझे स्वतःचे घर बारा वर्षे पोस्टामागच्या गल्लीत आहे. तरी परवा भावाला पत्र लिहिताना लेखणीने आपल्याच मनाने वरच्या कोपऱ्यात 'कडुलिंबाखाली' असे लिहिले. खोडावे म्हणून थांबलो. वरून मोहोर झडत होता. एक बारीक फूल ओल्या शाईवर येऊन टेकले, आणि मी पत्राची तशीच घडी घातली.