हलक्या लाकडाचा संशय

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की ब्रह्मपुरीच्या आकाशात आजवर झालेल्या एकमेव हवाई युद्धाची तयारी आमच्या ओसरीवर झाली होती, आणि त्यात जो घातपात घडला, तो परक्या शत्रूने नव्हे, आमच्याच घरातल्या माणसाने केला होता!

डोळे मिटले की अजून तो पंख दिसतो... हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात सुपावर वाळत ठेवलेला, पांढऱ्या बारीक फासळ्यांचा. मांजराने मासा चाटूनपुसून खावा आणि काटा तेवढा शिल्लक राहावा, तसा. अंगणात नव्या धानाचा कोरडा, उबदार गंध, न्हाणीघरातून येणारा ओल्या लाकडांचा धूर — आणि या सगळ्यांवर मात करणारा, पिकलेल्या केळ्यासारखा गोडसर, डोक्यात चढणारा डोपचा वास. पंखावरचा पातळ कागद ताणून बसावा म्हणून त्यावर फिरवायचं ते द्रव्य.

हा पंख ज्या पेटीतून निघाला, ती आणली होती सुधाकरमामाने. मामा नागपूरला शिकायला गेला आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून, कडेवर मूल घेऊन यावं तशी ती पेटी घेऊन आमच्याकडे परतला. पेटीत होते एका जुन्या घडणीच्या झुंज-विमानाचे सुटे भाग : बालसा नावाच्या परदेशी, पिसासारख्या हलक्या लाकडाच्या काड्या, फासळ्या, मुठीएवढं इंजिन आणि चादरीएवढा नकाशा. या विमानात कोणी बसत नाही. दोन बारीक पोलादी तारांनी ते हातातल्या मुठीला जोडलेलं असतं, आणि उडवणारा मध्यभागी उभा राहून, स्वतःभोवती गरगरत, त्याला वर्तुळात फिरवतो. एका रिंगणात दोन विमानं, प्रत्येकाच्या मागे कागदाची लांब शेपटी. समोरच्याची शेपटी जो कापेल तो विजयी.

बाबांचा यातल्या कशावरच विश्वास नव्हता. ते लाकडाच्या डेपोत नोकरीला. सागाच्या ओंडक्यांत त्यांचा दिवस जायचा आणि संध्याकाळी ते घरी आले की सागाचा भुसा त्यांच्याबरोबर घरी यायचा. त्यांनी बालसाची काडी तळहातावर तोलली, नखाने दाबली, हुंगली, आणि नुकत्याच लुटल्या गेलेल्या माणसाकडे बघावं तसं मामाकडे पाहिलं.

"सुधाकर, हे लाकूडच नाई. तुले कोनंतरी फसवलं."

"भाऊजी, हलकं आहे म्हणूनच तं उडते."

"हलके तं मुरमुरेही राह्यते. उडते का?"

मग बाबांनी निकाल दिला. धान निघाल्यावर भरणाऱ्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींच्या दिवशी, विमान सगळ्यांसमोर नीट उडालं तर मामाला कुणी काही बोलणार नाही. नाही उडालं, तर दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने बाबांसोबत डेपोत. मामाच्या लेखी डेपो म्हणजे जन्मठेप. त्या रात्री तो जेवला नाही.

पुढचे दिवस संशयाचे होते. मामाने रॉकेल, एरंडेल आणि ईथर एकत्र करून इंजिनाचं तेल बनवलं, तर शेजारच्या यमुनाबाईंचं नाक भिंतीवरून आत आलं.

"काऊन जी बाई, मोहाची काढून राह्यले का घरी?"

"विमानाचं तेल आहे ते," आई म्हणाली.

"हावो, अन् माहा बोकड पायलट आहे!"

मामा दोन दिवस वडशाला गेला. तिथला त्याचा दोस्त वसंता हिवाळी नाटकांत खलनायकाची कामं करायचा. झुंजीतला दुसरा योद्धा तोच. आणि नेमक्या त्याच दोन दिवसांत, धानाच्या कोठीमागे लपाछपी खेळताना, मला बालसाची एक लांब काडी सापडली. धावत जाऊन पंख पाहिला — सगळ्या काड्या जागच्या जागी! एखादी नाहीशी झाली असती तर चोरी म्हणता आली असती. पण एक बाहेर आणि आतही पुरत्या... हा प्रकार फारच काळा होता. मी आईवर संशय घेतला, यमुनाबाईंवर घेतला, बोकडावर तर घेतलाच. बाबा त्या दिवसांत विनाकारण शीळ घालत होते, तेही मी मनात टिपून ठेवलं. मामा परतला, घाईघाईने पंखावर कागद चढवला, हातात तोलून म्हणाला, "जरा जड लागते. चिकटवाचा सरस जास्त झाला असंल." मी काडी दाखवली, तर म्हणाला, "जास्तीची असंल बे." त्याला उडायची घाई होती.

शंकरपटाचं मैदान माणसांनी फुललेलं. धूळ, भज्यांचा खमंग वास, बैलांच्या घुंगरांचा नाद... शर्यती थांबल्या तेव्हा मामा आणि वसंता पाठीला पाठ लावून मधोमध उभे राहिले. वसंता रंगमंचावरच्या आवाजात गरजला, "सावध हो, दुष्टा!" इंजिनं किंचाळली, दोन बैल दावं तोडून पळाले. वसंताचं विमान खंड्या पक्ष्यासारखं सुळकन वर गेलं. आमचं उठलं ते कोंबडीने कुंपणावर उडी मारावी तसं. मामा गरगरत होता, घामाने निथळत होता. शेपटी वाचवण्यासाठी त्याने मूठ वर खेचली, विमानाने नाक आकाशाकडे केलं, क्षणभर तिथेच विचार करत थांबलं... आणि ढेकळांत आदळलं.

कागद फाटला. फासळ्यांचा चुरा झाला. फक्त पंखाच्या पुढच्या कडेची पट्टी अखंड राहिली : तासून घासून बारीक केलेली, पांढरी दिसावी म्हणून खडू फासलेली, आणि खडू उडाला तिथे तांबूस तपकिरी. आमच्या भागात हे लाकूड कोणतं, ते कुणाला सांगावं लागत नाही.

"सागवान!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळं मैदान बाबांकडे वळलं.

मामा रागावला नाही. तो खाली बसून तुकडे उपरण्यात गोळा करू लागला आणि हलकेच म्हणाला, "चला भाऊजी. उद्यापासून डेपो."

आज त्या मैदानावर प्लॉट पडलेत. बाबा गेले, मामाचे हात कापतात, सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही त्याला. तो खटला मात्र माझ्या मनात अजून उभा आहे. मेहुण्याला डेपोत ओढण्यासाठी बाबांनी विमान मुद्दाम जड केलं, हे यमुनाबाईंचं मत. ते तुटू नये म्हणून घरातलं सगळ्यात भरवशाचं लाकूड घातलं आणि मामाला वाईट वाटू नये म्हणून खडू फासला, हे आईचं. मी दोन्ही बाजू रंगवून सांगतो आणि निकाल राखून ठेवतो. बाबांच्या बाजूने माझ्याकडे पुरावा एकच आहे. मामा तुकडे वेचत असताना बाबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लालबुंद झाला, आणि अख्ख्या शंकरपटाला ऐकू जाईल अशा फाटक्या आवाजात ते ओरडले,

"उद्या डेपोत पाय ठेवला तं तंगडं तोडीन तुहं! दुसरं बनव, दुसरं!"