आज कुणी खांबावर चढणार नाही

आमच्या ऑफिसात पार्टी म्हणजे वर्षअखेरीला मीटिंगच्या खोलीत टेबलं जोडायची, त्यांवर जुने पेपर पसरायचे आणि प्रत्येकापुढे एक समोसा, मूठभर वेफर आणि एक पेढा ठेवायचा. साहेब दोन शब्द बोलायला उभे राहायचे आणि समोसा गार झाल्यावर बसायचे. विजेच्या ऑफिसात कारकुनी करत माझी उमर गेली, पण त्यातली एकही पार्टी मला धड आठवत नाही. आठवते ती एकच, आणि ती मीच ठरवली होती.

त्या वर्षी साहेब नवीन आले होते. नगरकडचे, तरुण, अंगात उत्साह मावत नव्हता. यंदा असं काही करू की लोकांनी जन्मभर नाव काढलं पाहिजे, असं त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं आणि काम माझ्या गळ्यात टाकलं. बाई आहे म्हणजे खाण्यापिण्याचं तीच बघणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी हो म्हटलं, कारण समोशाचा मलाही वीट आला होता.

ढाब्याचं नाव निघालं ते मीच खोडून काढलं, तिथं बायका कुठं बसणार. मग आमचे जुने लाइनमन म्हणाले की येळवस नेमकी वर्षअखेरीलाच आलीय, तर सगळे माझ्याच रानात या. त्यांना सगळं ऑफिस नाना म्हणायचं. साहेबांना येळवस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या अंबाजोगाईच्या पट्ट्यात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातलं अंबील. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारून जेवू घालायचं. साहेबांना हे ऐकूनच भूक लागली असावी. त्यांनी तिथल्या तिथं पक्कं करून टाकलं.

माझी एकच अट होती. खांबावर चढायचं बरंचसं काम ठेक्यावरचे वायरमन करायचे आणि दर पार्टीला त्यांच्या वाट्याला खुर्च्या उचलायचं काम यायचं. समोसा उरला तर मिळायचा. मी साहेबांना सांगितलं, ते बायकापोरांसकट पंगतीला बसणार असतील तरच मी भज्जीच्या पातेल्याला हात लावीन. साहेब हसले आणि हो म्हणाले. माझ्या जिभेला ऑफिसात सगळेच जरा भिऊन असत.

त्यातल्या एका वायरमनची बायको दोन दिवस आधी ऑफिसात आली. काय करून आणू, हे विचारायला आल्याचं तिनं सांगितलं, पण ते निमित्त होतं. तिचं लहानपण ऊसतोडीच्या टोळीत गेलेलं. आईबापाच्या मागं कारखान्याकारखान्याला हिंडताना ती कोपीतच लहानाची मोठी झाली होती, त्यामुळं येळवशीच्या कोपीचं तिला कौतुक नव्हतं. हातात कोयता यायला नको म्हणून बापानं तिला वायरमनला दिली होती. आता तिला खांबाची भीती होती. कुठलाही सण असो, लोड वाढला की फ्यूज उडायचे आणि तिचा नवरा जेवत्या ताटावरून उठायचा. लक्ष्मीपूजनाला तर दारात पणत्या लावून ती त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसायची.

"ताई, त्या दिवशी तरी ह्यांना वर चढू देऊ नका," ती म्हणाली. "एक सण त्यांचे पाय जमिनीवर असू द्या."

मी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं, की त्या दिवशी कुणी खांबावर चढणार नाही, ती सुट्टी आहे. मला त्यात अवघड असं काही वाटलंच नव्हतं.

घोडं अडलं ते गाण्यांवर. साहेबांना रानात मोठा स्पीकर हवा होता, माइक हवा होता, संगीत खुर्ची खेळायची होती. नानांचं रान शेतीच्या फीडरवर. शेतीला वीज आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री अशी पाळीनं मिळते, आणि तो आठवडा रात्रीचा होता. म्हणजे दिवसभर तारा मेलेल्या. वीजवाल्यांची पार्टी आणि वीजच नाही, म्हणून ऑफिसात हसाहशी झाली. जनरेटर भाड्यानं बघितला, तर सणामुळं एकही मोकळा नव्हता. मी म्हटलं, तोंडानं गा. साहेबांनी ते ऐकल्यासारखं केलं आणि विषय बदलला. तिथंच माझ्या मनात काहीतरी खुपलं.

येळवशीच्या सकाळी रान सुरेख दिसत होतं. ज्वारी कणसात आलेली, गव्हाला रात्री पाणी दिलेलं, वाफे अजून ओले. फक्त कोपीच्या मागं जो खांब होता त्याच्यावरच्या तारा लोंबत होत्या. अशा लोंबत्या तारांची तक्रार दुसऱ्या कुणा शेतकऱ्यानं आणली असती तर आम्ही कागद घेऊन त्याला पुढच्या महिन्यात ये म्हटलं असतं. इथं तर जागा लाइनमनची आणि पाहुणे वीजवाले, तरी सगळे त्या तारांखालीच चटया टाकून बसले. रोज तारांत वावरणाऱ्याला तार दिसेनाशी होते.

पूजा झाली, रानभर अंबील शिंपडून झालं, आणि साहेबांनी स्पीकर आणायला सांगितला. तेव्हा मला कळलं की त्यांचं आधीच ठरलेलं होतं. चोरून वीज घ्यायला तारेवर आकडा टाकायचा, आणि सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करून तासभर फीडर चालू करायला लावायचा. गावोगाव आकडे काढत हिंडणारे आम्ही, आमच्याच पार्टीला आकडा. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. लोक बांबूनं आकडा फेकतात, पण जिला मी शब्द दिला होता तिच्या वायरमन नवऱ्याला ते कमीपणाचं वाटलं. फेकलेला आकडा ठिणग्या टाकतो, मी वर जाऊन पक्का बांधतो, असं म्हणून त्यानं चपला काढल्या.

मी साहेबांजवळ गेले आणि विचारलं, परमिट कुठाय. लाइनवर माणूस चढवायचा तर आधी सबस्टेशनकडून परमिट घ्यावं लागतं. ऑपरेटर स्विच बंद करतो, हँडलला ‘लाइनवर माणूस आहे’ अशी पाटी अडकवतो, आणि वर गेलेला माणूस खाली उतरून परमिट परत देईपर्यंत ती पाटी कुणी काढत नाही. आमच्या धंद्यात माणसाचा जीव त्या पाटीला टांगलेला असतो. पण चोरीच्या कामाचं परमिट मागायचं कुणी आणि द्यायचं कुणी?

"मॅडम, लाइन बंदच आहे ना," साहेब म्हणाले. "दोन मिनिटांचं काम. सण आहे, मूड घालवू नका."

नाना खाली मान घालून द्रोण पुसत बसले. यजमान होते, पाहुण्याला नाही कसं म्हणणार. वायरमनची बायको धाकट्या पोरीला कडेवर घेऊन कोपीच्या तोंडाशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सबस्टेशन तिथून जवळच होतं, बैलगाडीच्या वाटेनं स्कूटीवर थोडंसंच अंतर. ड्यूटीवर एकटाच राहिलेल्या ऑपरेटरसाठी मी डबा बांधून ठेवला होता. तो घेतला आणि निघाले. डबा हे निमित्त. परमिट असो नसो, त्या माणसाला माझ्या डोळ्यांदेखत हँडलला पाटी लावायला सांगायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रानात मोबाइलला रेंज नव्हती, ती फक्त लांबच्या बांधावर मिळायची, आणि साहेब फोन हातात धरून त्या बांधाकडं चालले होते. मी मागं वळून बघितलं तेव्हा वायरमन खांबाच्या निम्म्यावर होता.

सबस्टेशनच्या खोलीत मी शिरले तेव्हा ऑपरेटर फोन खिशात ठेवत होता. मी पाटी म्हणेपर्यंत त्याचा हात हँडलवर गेला. खाट्‌कन आवाज झाला आणि मीटरचा काटा उठला.

साहेबांचा फोन होता, काम झालं म्हणाले, असं सांगत त्यानं हसून डब्याकडं बघितलं. मी म्हटलं, मी निघाले तेव्हा तो चढत होता. त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. त्यानं ताबडतोब हँडल खाली ओढलं, पण वीज काय, एक क्षण पुरतो तिला. मी वायरमनला फोन लावला, मग नानांना, मग साहेबांना. एकही लागेना, साहेबही बांधावरून परत निघाले असावेत. ऑपरेटर स्टुलावर बसला आणि दोन्ही तळवे पँटला पुसत राहिला. डबा तसाच टेबलावर होता.

परत जाताना ती वाट संपता संपेना. दोन्ही बाजूंची रानं माणसांनी भरलेली. पोरं ओरडत होती, बायका वाढत होत्या, आणि मला बघून जो तो हात करून हाक मारत होता. या बाई, दोन घास खाऊन जा. येळवशीला वाटसरूला असं उपाशी जाऊ देत नाहीत. मी कान लावून ऐकत होते, नानांच्या रानाकडून गाणं ऐकू येतंय का. गाणं लागलं असेल तर काम नीट झालं असेल, तो खाली उतरला असेल. गाणं काही येत नव्हतं. मला रडू यायला लागलं, आणि रडताना मी वायरमनच्या बायकोला दिलेला शब्द मोठ्यानं म्हणत होते, हे मला नंतर आठवलं.

रानात शिरले तर पहिल्यांदा दिसल्या त्या चपला. खांबाच्या बुडाशी, जोडीनं काढून ठेवलेल्या. वर कुणी नव्हतं. सगळे घोळका करून उभे होते. मी स्कूटी तशीच आडवी टाकली आणि घोळक्यात घुसले.

तो बसलेला होता. धड, जिवंत, तोंड पांढरंफटक. त्याच्यामागं त्याची बायको गुडघ्यावर बसली होती आणि त्याच्या शर्टाची पाठ तिनं दोन्ही मुठींत धरली होती. पोरगी बाजूला भोकाड पसरून रडत होती.

काय झालं ते नानांनी सांगितलं. मी निघाल्यावर त्याची बायको खांबाखाली जाऊन उभी राहिली होती आणि सगळ्या ऑफिसादेखत ओरडली होती. "कावून चढायलात तुमी? खाली या. आत्ताच्या आत्ता खाली या." स्पीकरच्या दोन तारांपैकी एक वर बांधून झाली होती, दुसरी राहिली होती. लोक हसले, बायकोला भ्यालास का बे, असंही कुणी म्हटलं. तो चिडून उतरला. तिला गप्प करून पुन्हा चढायचं, म्हणून उतरला. लांब बांधावरून साहेबांना तो उतरताना दिसला आणि त्यांना वाटलं काम झालं. त्यांनी फोन केला. इकडं त्यानं बायकोला दोन मिनिटं थांब म्हणून झिडकारलं आणि पुन्हा खांबाकडं वळला. तिनं शर्ट धरला. तेवढ्यात बांधलेल्या तारेचं मोकळं टोक, जे ओल्या गव्हात पडलं होतं, ते फाट्‌कन पेटलं.

गव्हात तेवढा तुकडा काळा पडला होता. मी तो बघितला आणि मग वर बघितलं, जिथं ती ओरडली नसती तर तो त्या वेळी असता.

पहिल्यांदा साहेब हसले. घाबरलेला माणूस हसतो तसे हसले, आणि मग बाकीचेही हसायला लागले. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं कुणीतरी म्हणालं. ही म्हण काढणारा कधी खांबावर चढला नसणार. मी साहेबांना तिथंच चारचौघांत काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. पंगत बसली. भज्जी चांगली झाली होती म्हणतात. मी खीर वाढली. वायरमनची बायको त्याच्याजवळ बसली होती आणि एका हातानं जेवत होती, कारण दुसऱ्या हातात अजून शर्ट होता.

ऑफिसात आजही त्या पार्टीचं नाव निघतं. अशी येळवस पुन्हा झाली नाही म्हणतात, त्यात आता तिच्या ओरडण्याची नक्कलसुद्धा करून दाखवतात. साहेबांच्या मनासारखं झालं, लोक जन्मभर नाव काढणार. वायरमन पुढच्याच दिवशी दुसऱ्या गावच्या खांबावर होता. ठेक्यावरच्या माणसाला घरी बसून कसं चालेल.

संक्रांतीला तिनं मला हळदीकुंकवाला बोलावलं. दिलेला शब्द आठवून मी जरा बिचकतच गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर अंधार पडत आलेला, आणि लाइट गेलेली. त्याच कामाला तिचा नवरा कुठंतरी गेला होता. तिनं मेणबत्तीच्या उजेडात मला तिळगूळ दिला, कुंकू लावलं. आम्ही पोरींच्या शाळेचं बोलत होतो, तेवढ्यात शेजारपाजारच्या घरांत उजेड झाला आणि गल्लीतली पोरं आली आली म्हणून ओरडली. मी सहज भिंतीवरच्या बटणाकडं हात नेला.

"थांबा ताई," ती म्हणाली.

ती मोबाइल घेऊन दाराशी गेली. रिंग वाजत राहिली, मला इथवर ऐकू येत होती. पोरींनाही सवय असावी, त्या मेणबत्तीपाशीच बसून राहिल्या. पहिल्यांदा त्यानं उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. मग पलीकडून त्याचा आवाज आला, हं, उतरलो. तिनं फोन ठेवला, आत आली आणि दिवा लावला.