ज्वारीचा दाणा आणि लॅपटॉपचा पंखा

आता माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, ते कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? बसा, चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी हसा.

शिरूरमध्ये लॅपटॉप अजून लोक वाकून वाकून बघायचे, तेव्हाची गोष्ट. मी त्याच्या पंख्याचा ड्रायव्हर लिहीत होतो. म्हणजे पंख्यानं कधी पळायचं, कधी थांबायचं हे सांगणारा प्रोग्राम. वडगाव रासाईचे माझे मामा मात्र गावभर सांगायचे, "भाचा ड्रायव्हर हाय."

हेच मामा आमच्याकडं मुक्कामाला आले होते. त्यांची सविता मला द्यायची, असं बोलणं चाललं होतं. आणि सविता मला फार आवडायची, हे आधीच सांगून टाकतो.

मामा आले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपायचा. बाहेरून येऊन उघडावं, तर पंखा मळणीयंत्रासारखा भणाणायचा. पंखा कधी पळतो? यंत्र तापलं तर. यंत्र कधी तापतं? कुणी वापरलं तर. आणि घरात नवा माणूस कोण? सांगा, माझं काय चुकलं?

मी झाकणावर ज्वारीचा दाणा ठेवून बाजारात गेलो. परत आलो तर दाणा जागच्या जागी, आणि झाकण उघडताच पंखा सुरू. शहाण्याचा संशय तिथंच मिटला असता. मी म्हटलं, मामा बेरकी आहेत, दाणा परत ठेवतात.

शेवटी चहा पिताना तोंडातून गेलंच. "मामा, माझ्या माघारी तुम्ही ह्याच्यावर पत्ते खेळता ना?"

मामांनी बशी खाली ठेवली. "म्या? अरं, त्येचं झाकाण कुठनं उघडतं त्ये बी मला ठावं न्हाई."

"मग पंखा का पळतो?"

"आक्के, माझी पिशवी आण," मामा आईला म्हणाले. "मला चोर म्हनतोय. असल्या घरात पोरगी द्यायची न्हाई."

पण गप्प बसेन तर मी कसला? पुराव्यानिशी पटवावं म्हणून लॅपटॉप त्यांच्यासमोर आणला, झाकण मिटलं आणि उघडलं. "ऐका, असा आवाज येतो."

पंखा भणाणला.

आईनं माझ्याकडं बघितलं. "आता कोन बसलं व्हतं रं पत्ते खेळत?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. झोपेतून उठल्यावर आधी यंत्र गरम आहे का बघ आणि मगच पळ, हे पंख्याला सांगायचं मी विसरलो होतो. बिचारा उठायचा आणि जीव खाऊन पळत सुटायचा. मी मामांच्या पाया पडलो आणि सगळं कबूल केलं.

"म्हंजी, ह्ये लिवणारा कोन?" मामांनी विचारलं.

"मीच."

"मग बापावर गेलंय," आई म्हणाली. "ह्यो बी झोपंतनं उठला की कारण नसताना असाच भणाणतो."

मामा पोट धरून हसले. पिशवी खुंटीला लागली, आणि सविता आमच्या घरी आली. ड्रायव्हर मी त्याच दुपारी दुरुस्त केला. माझी दुरुस्ती अजून चालू आहे, असं सविता म्हणते.