माझ्या मोबाईलातल्या कुस्त्या जावयाने पुसल्या

माझ्या मोबाईलातल्या सगळ्या कुस्त्या आज सकाळी जावयाने पुसून टाकल्या आणि त्या जागी भजनं भरून दिली. मला न विचारता. राम राम, पाड्याच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना.

टीव्हीवरच्या त्या परदेशी कुस्त्यांचं मला किती वेड आहे ते तुम्हाला माहीत आहे. माझा लाडका टकल्या पैलवान शिडीवरून उडी मारून टेबल मोडतो ती कुस्ती गेली. पिंजऱ्यात तो जटावाल्याला लोळवतो ती पण गेली. मोखाड्याच्या ज्या दुकानदाराने भरून दिल्या होत्या, तो दुकान बंद करून ठाण्याला गेला. आता कुठून आणू?

विचारलं तर जावई हसतो. "मामी, ते सगळं ठरवून असतं. या वयात देवाचं नाव घ्या."

पोरगी मला गप्प करते. "आये, जावयाला असं बोलू नये."

का नाही बोलायचं? कोण जिंकणार ते ठरलेलं असेल, पण एवढ्या उंचावरून पडल्यावर पाठ खरीच शेकते ना?

आणि जावईबापू, बोहाड्यात दर साली महिषासुराचा मुखवटा घालून तुम्ही नाचता. शेवटी देवी तुम्हाला मारणार हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. तरी लोक पाय दुखेपर्यंत उभे राहतात, मी पण राहते. यंदा ऐन रंगात "खोटं आहे, ठरवून आहे" म्हणून ओरडू का?

जावयानेच उत्तर द्यायचं, इथेच, सगळ्यांदेखत. माझ्या पोरीने मधे तोंड घालायचं नाही.