मिकेलिनामावशीचं मत

आमच्या शेजारची मिकेलिनामावशी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन इटलीतल्या डोंगरातल्या एका खेड्यातून इंग्लंडात बेडफर्डला आली. नवरा दोनातो इथल्या वीटभट्टीवर कामाला होता आणि ती चॉकलेटच्या कारखान्यात खोकी भरायची. साठ वर्षं झाली त्याला. मुलगा रोक्को इथंच जन्मला, इथंच इलेक्ट्रिशियन झाला आणि आता त्याचेही केस पिकलेत. दोनातो जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या जुलैत देशाची निवडणूक होती. सकाळीच मावशी माझ्या दारात उभी. मोत्यांची माळ, ठेवणीतला फ्रॉक, हातात बसचा पास.

"चल गं, मत देऊन येऊ."

नगरपालिकेच्या मतदानाला ती दोघं नेहमी जोडीनं जायची. देशाच्या निवडणुकीला मात्र दोनातो एकटाच जायचा. म्हणायचा, "तिथं गर्दी असते, तू चुलीवरचा सॉस बघ." आता तो नव्हता, म्हणून ती निघाली होती.

टेबलामागच्या मुलीनं यादी पाहिली, पुन्हा पाहिली आणि हळूच म्हणाली, "आजी, तुमचं नाव आहे. पण फक्त नगरपालिकेसाठी. तुम्ही इथल्या नागरिक नाही."

"मी नाही?" मावशीनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. "ही कुणाबद्दल बोलतेय?"

संध्याकाळी रोक्को आला तशी ती त्याच्यावर तुटून पडली. "तू माझा फोटो काढलास, फोनमध्ये काहीतरी दाबलंस, म्हणालास झालं काम. मग काय झालं होतं?"

"अगं आई, ती ब्रेक्झिटमुळे काढावी लागलेली कायमची राहायची परवानगी होती. नागरिकत्व वेगळं."

"कायमची राहते, तरी इथली नाही?"

"तसंच आहे ते."

"आणि तुझे पप्पा? ते कसे मत द्यायचे?"

रोक्को खुर्चीत चुळबुळला. माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "पप्पांना तरी कुठं मत होतं? मी लहान असताना गेले होते एकदा. परत पाठवलं त्यांना. मग दर निवडणुकीला क्लबात जाऊन पत्ते खेळत बसायचे. मला म्हणाले, आईला सांगू नकोस."

मावशीला हसावं की रडावं कळेना. "टाय लावून जायचा रे तो," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ कपाटातल्या त्या टायकडे बघत बसली. लाज त्याची होती की तिची, हेही तिला ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात मी तिला वाचनालयात फुकट सल्ला देणाऱ्या विन्समकडे नेलं. विन्समचे आईवडील जमैकातून आलेले, त्यामुळे असल्या भानगडी तिच्या घरच्याच. कागद बघून ती खूश झाली.

"कायमची परवानगी मिळून वर्ष झालं की अर्ज करता येतो. तुम्हाला तर पाच वर्षं झालीत. वय जास्त, म्हणून परीक्षाही माफ. आता एकच सांगा. बरोबर पाच वर्षांपूर्वी, आजच्या तारखेला, कुठं होतात?"

"जुलैत? गावी. बहिणीकडे. टोमॅटोचा सॉस घालायला आम्ही दर उन्हाळ्यात जायचो."

"मग आज अर्ज करून उपयोग नाही. अर्ज सरकारच्या हाती पडेल त्याच्या पाच वर्षं आधी, त्याच दिवशी, तुम्ही या देशात हव्यात."

मावशीनं माझा दंड धरला. "साठ वर्षांतला नेमका तोच एक दिवस? बाकीचे कुणी खाल्ले?"

"खाल्ले नाहीत हो," विन्सम हसू दाबत म्हणाली. "सप्टेंबरात परतला होतात ना? मग ऑक्टोबरात अर्ज करा. तेव्हा मागची तारीख इथली येईल."

"म्हणजे आज मी इथली होऊ शकत नाही, पण पानं गळायला लागली की होईन?"

"अगदी तसंच."

वाटेत मावशीनं मला तीनदा विचारलं. मी तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा माझाच गोंधळ झाला आणि आमची बस चुकली. त्या उन्हाळ्यात ती विचित्र वागली. चर्चमध्ये इटालियन मिसेच्या प्रार्थनेला गेली, पण पाहुण्यासारखी मागच्या बाकावर बसली. रोक्कोला म्हणाली, "अर्ज नकोच." दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "कर. तुझ्या बापाचाही केला असता, विचारलं असतं त्यानं तर."

ऑक्टोबरात अर्ज गेला. फेब्रुवारीत नगरपालिकेच्या दालनात शपथ झाली. राजाच्या नावानं शपथ घेताना तिची जीभ दोनदा अडखळली. आयुष्यभर ती फक्त मादोन्नाचीच, म्हणजे मेरीमातेचीच, शपथ घेत आली होती. नंतर चहा, केक, टाळ्या. रोक्कोचेच डोळे जास्त भरून आले होते.

घरी पोचतो न पोचतो तोच गावाहून बहिणीचा फोन. बहिरी झाल्यामुळे ती ओरडूनच बोलते, सगळं ऐकू येत होतं.

"झालीस का इंग्लिश?"

"झाले म्हणतात."

"मग आता आमची कोण?"

मावशीनं फोन छातीशी धरला आणि रोक्कोला विचारलं, "हिला काय सांगू?"

"सांग, दोन्हीकडची."

"तसं चालतं?"

"चालतं."

तिचा विश्वास बसला नाही. फोन पुन्हा कानाला लावून ती म्हणाली, "रोक्को म्हणतोय चालतं. मी विन्समला विचारून सांगते."