दोन बोटं साल

आमच्या सूसच्या सोसायटीतले माळीकाका कुंडीतल्या रोपालाही “जरा सरक” म्हणतात आणि मगच झाडू मारतात. एका सकाळी पार्किंगमधल्या जांभळाची साल कुणीतरी बुंध्याभोवती सोलून काढलेली दिसली. जांभळांचे डाग गाड्यांवर पडतात, ही चेअरमनची जुनीच तक्रार होती.

“पानं तर हिरवीगार आहेत,” चेअरमन म्हणाले.

“आत्ता हायेत. सालीतनं अन्न खाली जातं. ती समदीकडनं तुटली की मुळं उपाशी मरत्यात.”

काका बुंध्याभोवती अंगठा फिरवू लागले. भिंतीकडच्या अडचणीत अंगठा थांबला.

“हितं दोन बोटं साल ऱ्हायलीया. जगंल.”

मग ते हात पुसत शांतपणे चेअरमनना म्हणाले, “सायेब, काल नेलेला माझा कोयता तेवढा परत द्या.”